न्हाणीघराची कडी

इतिहासग्रंथांत दारांना जागा मिळते ती बहुधा किल्ल्यांच्या आणि वेशींच्या दारांना. कोणत्या दरवाज्याला हत्तीची धडक चुकविण्यासाठीं केवढे खिळे ठोकले होते, कोणती वेस कोणत्या सालीं पडली, हें आपण आवडीनें वाचतों. परंतु ज्या दाराआड मनुष्य रोज अंगावरचीं वस्त्रें उतरून ठेवतो, त्या न्हाणीघराच्या दाराला कडी केव्हां लागली, ती आंतून लागली कीं बाहेरून, आणि ती लागल्यानें घरांतल्या कोणाचें आयुष्य पालटलें, याची नोंद ठेवण्याची गरज कोणत्याहि बखरकारास वाटली नाहीं. विषय घरगुती आहे खरा. पण क्षुल्लक नाहीं. दाराचें लाकूड घरधन्याची ऐपत सांगतें. दारावरचें लोखंड त्याचें भय सांगतें. ज्याचें भय वाटतें त्याच्यासाठीं मनुष्य कडी घालतो, आणि हें भय पिढ्यापिढ्यांनीं बदलत आलें आहे.

यवतमाळ जिल्ह्यांतील घरें डोळ्यांपुढें ठेवून पाहिल्यास या बदलाच्या तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. पहिलें दार चोरासाठीं लागलें, दुसरें नजरेसाठीं, आणि अलीकडे शहरी न्हाणीघरांतून दिसूं लागलेलें सरकतें काचेचें दार केवळ पाण्यासाठीं. या तीन दारांच्या कड्या, बिजागऱ्या, मुठी आणि चाकें यांचा इतिहास म्हणजे आपल्या संसारांतील निर्भयतेचाच इतिहास होय.

पहिलें दार वाड्याचें. जिल्ह्याच्या केळापूर, वणी बाजूच्या रानांत साग विपुल, त्यामुळें लाकडाला तोटा नव्हता. या दारांना आजच्यासारख्या बिजागऱ्या नसत. फळीच्या एका कडेस वर आणि खालीं लाकडाचाच जाड खुंट राखलेला असे. खालचा खुंट उंबरठ्यालगतच्या खळग्यांत बसे, वरचा चौकटीच्या भोकांत. आणि सारें दार त्या दोन खुंटांवर फिरे. लोखंड लागे तें खिळे, पट्ट्या, कडी आणि कोयंडा यांपुरतें. शेजारच्या चांदा जिल्ह्यांत लोहाऱ्यासारखी लोहखनिजाची टेकडी असल्यानें गांवच्या लोहाराला तेंहि दुर्लभ नव्हतें. खरी मदार मात्र आंतल्या अडसरावर असे. भिंतीच्या जाडींत एक लांब पोकळी ठेवून तींत हा चौकोनी वासा दडविलेला असे. रात्रीं तो ओढून दोन्ही फळ्यांच्या मागून समोरच्या भिंतीच्या खोबणींत सारावा, आणि सकाळीं पुन्हां भिंतींत लोटावा, असा क्रम. दार फिरे, अडसर सरके. सरकण्याची कला आपल्या घरांत नवी नाहीं. ती अडसराच्या वांट्याला आली होती, एवढेंच.

या अडसराचें महत्त्व किती होतें हें आपल्या भाषेंत आणि उपासनेंतहि उमटलें आहे. सप्तशतीच्या पाठापूर्वीं कवच, अर्गला आणि कीलक हीं तीन स्तोत्रें म्हणण्याचा परिपाठ आहे. अर्गला म्हणजेच आपली आगळ, आणि कीलक म्हणजे खीळ. देवीजवळ मागावयाचें संरक्षणहि आमच्या पूर्वजांना दाराच्या सामानाच्या रूपानें सुचलें, याचें कारण त्यांच्या काळांत शोधावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनीं वऱ्हाडची दाणादाण उडविली होती. १८१८ सालीं दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि तिच्या पाठीवर असलेल्या इंग्रजांच्या पलटणी पांढरकवड्याच्या मुलखांतून गेल्या. फौज आपली असो वा परकी, ती गांवावरून गेली म्हणजे कणग्या रित्या होत. अशा दिवसांत गृहस्थाची सारी बुद्धि आणि सारें लोखंड एकाच दारावर खर्ची पडलें, यांत नवल नाहीं.

मग या भक्कम दाराच्या आंत न्हाणी कोठें होती? ती परसांत विहिरीजवळ, किंवा माजघराच्या मागें मोरीच्या दगडावर. खालीं फरशी, पाणी वाहून जाण्यास पन्हळ, शेजारच्या चुलीवर हंडा, आणि पुढच्या काळांत तांब्याचा बंब. बहुतेक ठिकाणीं तिला दार नसे. ओल्या जागीं लाकूड कुजतें आणि लोखंड गंजतें, हें एक कारण झालें. त्याहून मोठें कारण असें कीं, त्या जागेंत चोरण्यासारखें कांहीं नव्हतें. पुरुष विहिरीवर नाहीं तर नदीवर उघड्यावर स्नान करीत आणि त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नसे. स्त्रियांची गोष्ट निराळी. घर जागें होण्यापूर्वीं, अंधारांत, कोपऱ्यावर एखादें लुगडें टाकून त्या हें काम उरकीत, आणि पुष्कळदां नेसत्या वस्त्रानिशींच उरकीत. सूर्योदयापूर्वीं स्नान करण्याच्या नियमामागें धर्मशास्त्र होतें हें खरें. पण अंधार हीच बायकांची कडी होती, हेंहि तितकेंच खरें. ही कडी ठराविक वेळेलाच लागे. बाळंतीण, आजारी बाई, पाय मोडून घरीं पडलेली म्हातारी, यांना ती उपयोगी पडत नसे.

स्नानाला स्वतंत्र जागा द्यावी ही कल्पना या देशाला अपरिचित होती असें मात्र कोणी समजूं नये. मोहेंजोदडो येथें चार-साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या घराघरांतून विटांच्या घट्ट फरशीच्या न्हाण्या आणि त्यांचें पाणी गटारांत नेणारे मार्ग सांपडले आहेत. म्हणजे पाण्याचा विचार फार पूर्वीं झाला होता. स्नान करणाऱ्याच्या एकांताचा विचार मात्र पुष्कळ उशिरां झाला.

दुसरें दार आलें तें नव्या राजवटीबरोबर. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. १८६४ सालीं या भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला. तो पुढें वूण, म्हणजे वणी, या नांवानें ओळखला जाई, आणि १९०५ च्या फेररचनेंत त्याला यवतमाळ हें नांव मिळालें. कापसाच्या पैशानें मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत अडीच फूट रुंदीचा रेल्वेमार्ग आला. हा मार्ग कापूस बाहेर नेण्यासाठीं होता. पण ज्या गाड्या कापूस नेतात त्या परत येतांना रित्या येत नाहींत. दुकानांतून विलायती खिळे, स्क्रू आणि बिजागऱ्या मिळूं लागल्या. ओतीव लोखंडाच्या दुपाखी बिजागरीचें पेटंट इंग्लंडांत १७७५ सालीं घेतलें गेलें होतें. ती खेड्यांतल्या सुताराच्या हातीं येण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. पुढें अलीगडचीं कुलपें आलीं, आणि १८९७ सालीं मुंबईस अर्देशीर गोदरेज यांनीं कुलपांचा कारखाना काढला. जड खुंटाच्या फळीऐवजीं आतां हलकी फळी चौकटीला चार स्क्रूंनीं टांगतां येऊं लागली. दार स्वस्त झालें, आणि स्वस्त झालें म्हणूनच तें घराच्या मागच्या भागांतहि पोंचलें. त्याच काळांत सागाचें रान मात्र सरकारी झालें. जंगलच्या कायद्यानें कुऱ्हाडीला परवाना लागूं लागला. त्याविरुद्धचा असंतोष शेवटीं १९३० च्या जुलैंत पुसद येथें लोकनायक बापूजी अणे यांच्या जंगल सत्याग्रहांत प्रकट झाला. लाकूड महाग आणि लोखंडी सामान सुलभ, असा हा उलट काळ होता.

जिल्ह्याच्या ठिकाणीं साहेबांचे बंगले उठले, आणि त्यांच्या न्हाणीघरांत आमच्या लोकांनीं एक नवी गोष्ट पाहिली. अशा न्हाणीघराला बहुधा दोन दारें असत. एक निजण्याच्या खोलींत उघडे. दुसरें बाहेर, आणि तें पाणी आणणाऱ्या भिस्त्यासाठीं व मैला नेणाऱ्या भंग्यासाठीं. दोन्ही दारांना खिट्टी आंतून. साहेबाचा एकांत अशा रीतीनें पुरा होई; पण ज्याच्या श्रमावर तो उभा होता त्याच्यासाठीं मागचें दार निराळें ठेवलें होतें, हेंहि विसरतां कामा नये. आमच्या मध्यम वर्गानें घरें बांधतांना खिट्टीहि उचलली आणि पुष्कळ ठिकाणीं तें मागचें दारहि उचललें.

तरी आंतून लागणाऱ्या त्या खिट्टीचा उपकार मोठा आहे. वाड्याचा अडसर घरधनी लावीत असे. घरांत कोण राहील आणि बाहेर कोण, हें तो ठरवी. न्हाणीघराची कडी ज्याची त्यानें लावावयाची. सुनेनें ती लावली म्हणजे सासरा, दीर, नणंद, मूल, इतकेंच काय पण स्वतः सासूबाईहि बाहेर थांबत. एकत्र कुटुंबांत जिला निजण्याला स्वतंत्र खोली नाहीं, जिला स्वतःच्या नांवाची पेटीहि नाहीं, अशा स्त्रीला दिवसांतून पाव घटका कोणी हांक मारूं शकत नाहीं अशी जागा या दोन आण्यांच्या लोखंडानें मिळवून दिली. तिथें ती रडत असेल, गात असेल, किंवा नुसती बसत असेल. घराच्या हिशेबाच्या वहींत कडीची किंमत लिहिलेली सांपडेल. त्या पाव घटकेची किंमत कोणी मांडलेली नाहीं.

हें भाग्य शहरांत राहणाऱ्या सर्वांनाच लाभलें असेंहि नाहीं. मुंबईस १८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें येऊं लागलें. पण चाळींतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत मोरी म्हणजे कोपऱ्यांत बुटक्या भिंतीनें आखलेली जागा. नळ आला, दार आलें नाहीं. घरांतल्या पुरुषांनीं गॅलरींत जाऊन उभें राहावें, हीच तेथली कडी. पाणी आणि एकांत या दोन वस्तु एकत्र येतात असा समज असतो. इतिहास त्याला दुजोरा देत नाहीं.

आतां तिसरें दार. डोक्यावरून पाणी सोडणारें शॉवर-यंत्र विल्यम फीथम नांवाच्या लंडनच्या एका शेगड्या बनविणाऱ्यानें १७६७ सालीं पेटंट केलें. त्यानें एक नवीच अडचण उभी केली. तांब्यानें घेतलेलें पाणी खालीं पडतें. शॉवरचें चहूंकडे उडतें. तें अडविण्यासाठीं प्रथम कापडी पडदे आले, आणि पुढें काच. साधी काच न्हाणीघरांत घातक. फुटली तर सुरीसारखे तुकडे. १८७४ सालीं द ला बास्ती या फ्रेंच गृहस्थानें तापलेली काच तेलांत बुडवून कठीण करण्याची कृति शोधली. पुढें हवेच्या झोतानें काच एकाएकीं थंड करून तेंच काम होऊं लागलें. अशा काचेचा पृष्ठभाग सदैव दाबाखालीं असतो आणि आंतला गाभा ताणाखालीं. त्यामुळें ती सहसा फुटत नाहीं, आणि फुटलीच तर बोथट कण होऊन खालीं पडते. सपाट काचेचे मोठे तक्ते स्वस्त झाले ते १९५९ सालीं जाहीर झालेल्या पिल्किंग्टनच्या पद्धतीनें, ज्यांत वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगत पसरते. काचेच्या धंद्याचें महाराष्ट्राला कौतुक फार पूर्वींपासून आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांवचा कारखाना निघाला, आणि १९१६ सालीं ओगले बंधूंचा. ओगल्यांच्या प्रभाकर कंदिलानें खेड्यापाड्यांत उजेड नेला. त्या काळीं काच म्हणजे दिव्याचें रक्षण करणारी वस्तु होती. काचेचें दार करून त्याआड स्नान करावें ही कल्पना कोणाला विनोदीच वाटली असती.

लहान न्हाणीघरांत फिरणाऱ्या दाराला जागा पुरत नाहीं, म्हणून काच सरकती झाली. तिचें सामान पाहण्यासारखें आहे. आठ मिलिमीटर जाडीच्या काचेचें वजन दर चौरस मीटरला सुमारें वीस किलो. पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर नव्वद सेंटिमीटर उंच अशा एका दाराचें वजन साडेअठ्ठावीस किलोच्या घरांत जातें. हा सारा भार वरच्या रुळावर फिरणाऱ्या दोन लहान चाकांवर. चाकें बहुधा नायलॉनचीं, म्हणजे ओलाव्यानें गंजत नाहींत आणि आवाज करीत नाहींत. रूळ ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा. खालीं रूळ नसतो. काच डोलूं नये म्हणून एक लहानसा मार्गदर्शक तुकडा असतो, एवढेंच. चाकांसाठीं आणि मुठीसाठीं लागणारीं भोकें काच कठीण करण्यापूर्वींच पाडावीं लागतात. एकदां ती कठीण झाली कीं, बोटभर भोंक पाडूं पाहणाऱ्याच्या हातीं सगळी काच चुरा होऊन येते. म्हणून मुठीची जागा आधीं ठरवावी लागते; लाकडी दारासारखी ती मागाहून वर-खालीं करतां येत नाहीं. धातु आणि काच यांच्यामध्यें रबराची वा प्लास्टिकची चकती हवीच; धातु काचेला प्रत्यक्ष टेकला कीं पुढेंमागें तेथूनच तडा जातो.

मुठीच्या आकाराचाहि एक न्याय आहे. ज्या दाराला दुसऱ्या दाराच्या मागें सरकावयाचें आहे त्याच्या अंगावर बाहेर आलेली मूठ चालत नाहीं. ती आंत खोलगट असावी लागते. जपानी लोकांनीं आपल्या कागदी सरकत्या दारांत ही खोलगट मूठ शतकानुशतकें वापरली आणि तिला अलंकाराचें रूप दिलें. आपल्याकडे ही विद्या बाहेरून आली. त्यामुळें पुष्कळ घरांतून फिरत्या दाराच्या लांब मुठी सरकत्या दारांना लावलेल्या दिसतात, आणि दार अर्ध्यावर अडतें. धातूसंबंधानेंहि सावधगिरी हवी. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें क्रोमियम मिसळून न गंजणारें पोलाद काढलें. पण तें अजिंक्य नाहीं. आमच्याकडच्या विहिरींचें जड पाणी काचेवर आणि चाकांवर पांढरा थर चढवितें. तो काढण्यासाठीं न्हाणीघरांत सर्रास वापरलें जाणारें मिठाचें तीव्र आम्ल त्या पोलादालाच खातें. साधें लिंबू किंवा सौम्य शिरका आणि कोरडें फडकें यांनीं जें काम होतें त्यासाठीं आम्ल ओतणें म्हणजे दाराचें आयुष्य स्वहस्तें तोडणें होय.

या दारांत एक गोष्ट मात्र नसते: कडी. बाहेरच्या दाराला कडी असतेच, म्हणून आंतल्या काचेला तिची गरज नाहीं. काच पारदर्शक, नजर तिच्यानें अडत नाहीं. ती अडविते फक्त पाण्याच्या थेंबांना. अडसर गेला, कडी गेली, उरली ती नुसती मूठ. जुन्या वाड्यांत दार फिरे आणि अडसर सरके. नव्या न्हाणीघरांत दारच सरकतें आणि अडसर नाहीं. ज्या घराला चोराचें भय उरलें नाहीं, नजरेचें उरलें नाहीं, त्यालाच फरशी ओली होण्याचें भय परवडतें. या दाराचा एक गुणहि सांगितला पाहिजे. आंत उघडणाऱ्या दारामागें एखादें वृद्ध माणूस घसरून पडलें, तर त्याच्याच अंगानें दार अडतें आणि बाहेरच्यांचे हात बांधल्यासारखे होतात. सरकतें दार अशा वेळीं अडत नाहीं. पण त्या दाराची मूठ म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. ती धरून तोल सांवरूं गेल्यास काच रुळावरून सरकते आणि माणूस तिच्याबरोबर जातें. वृद्धांसाठीं भिंतींत पक्का बसविलेला दांडा निराळाच हवा.

आतां या तिसऱ्या पायरीवरून मागें वळून पाहूं. निळोणा आणि चापडोह या धरणांवर ज्या यवतमाळ शहराची तहान भागत आली, त्यानें २०१८ च्या उन्हाळ्यांत टँकरच्या रांगा पाहिल्या. शॉवरसाठीं पाणी असो वा नसो, काचेचें दार मात्र दुकानांत मांडलेलें होतें. आणि खेड्यांत? २०११ च्या जनगणनेप्रमाणें भारतांतील १०० कुटुंबांपैकीं ४२ कुटुंबांनाच छप्पर असलेलें न्हाणीघर होतें. सुमारें १६ कुटुंबांना बिनछपराचा आडोसा. उरलेल्यांना घराच्या आवारांत तोहि नव्हता. तो आडोसा आमच्या जिल्ह्यांत कसा असतो हें सांगावयास नको. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड, दाराच्या जागीं गोणपाट किंवा जुनें लुगडें. कापसानें ज्या जिल्ह्याला रेल्वे दिली, त्याच कापसाच्या वाळक्या काड्यांआड त्याच्या शेतमजूर बायका स्नान करतात, आणि अंधार हीच अजून त्यांची कडी आहे.

२०१४ पासून स्वच्छ भारत अभियानांत शौचालयासाठीं १२,००० रुपयांचें अनुदान मिळूं लागलें. न्हाणीघर त्याच्या कक्षेंत नव्हतें. पुष्कळ खेड्यांतून स्त्रियांनीं त्या चार भिंतींचा उपयोग स्नानासाठींच सुरू केला, तेव्हां पाहणाऱ्यांनीं कपाळाला हात लावला. त्यांत अडाणीपणा कांहीं नव्हता. त्या भिंतींना पत्र्याचें दार होतें, आणि त्या दाराला आंतून कडी होती. सरकारनें जें दिलें त्यांतून स्त्रियांनीं आपल्याला हवें तें उचललें. घरकुलांचे नकाशे काढणाऱ्यांनीं या साध्या साक्षीचा अर्थ ओळखला पाहिजे.

काचेच्या दाराची मूठ पितळेची असावी कीं पोलादाची, या चर्चेला घरांत अवश्य जागा असावी. चांगलें सामान निवडणें हाहि गृहस्थधर्मच आहे. पण इतिहासाचा क्रम असा कीं, पाण्याची कडी शोधण्यापूर्वीं नजरेची कडी सर्वांच्या हातीं यावयास हवी होती, आणि ती आलेली नाहीं. ती कडी फार महाग नाहीं. एक पत्र्याचें दार, दोन बिजागऱ्या, आंतल्या बाजूस एक खिट्टी, एवढेंच तिचें सामान. वाड्याच्या अडसरावर ज्या समाजानें एके काळीं इतकें लोखंड खर्चिलें, त्याला आपल्या लेकीसुनांसाठीं तेवढें खर्चणें जड जाऊं नये.